हरित रोजगाराचा अभ्यासक्रम आणि शिक्षकाची कारकीर्द: या वाटेने जावे का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या वरिष्ठ महाविद्यालयात मी गेली ११ वर्षे पर्यावरणशास्त्र शिकवते. त्यांपैकी पहिली ७ वर्षे तासिका तत्त्वावर गेली, म्हणजे सुट्ट्यांत मानधन शून्य. आता प्राचार्यांनी ‘हरित रोजगार’ या विषयावर ३० तासांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम तयार करायला सांगितले आहे. पुढच्या वर्षी महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ची समिती येणार असल्यामुळे हा उत्साह आला असावा, अशी मला शंका आहे.

गेल्या महिन्यात एसटी स्टँडवर एक जुना विद्यार्थी भेटला. क्षेत्रकार्याची वही त्याच्याइतकी नीटनेटकी कोणाचीच नव्हती. सध्या तो मोबाइलच्या दुकानात कामाला आहे. “मॅडम, तुमच्या विषयात नोकऱ्या असतात का हो?” असे त्याने अगदी सहज विचारले आणि मला धड उत्तर देता आले नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. बी.एस्सी. झालेल्या मुलाला खरोखर उपयोग होईल असे ३० तासांत काय शिकवावे? आणि पदोन्नतीच्या वेळी शोधनिबंधच मोजले जात असताना, अर्धवट राहिलेली पीएच.डी. बाजूला ठेवून मी या कामात उतरावे का?

निवृत्त वनस्पतिशास्त्रवाला

मॅडम, आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण माझी सगळी नोकरी त्याच प्रश्नाभोवती गेली.

पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये जो निकाल दिला, त्यातून पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्याची वाट खुली झाली. पण सर्व शाखांच्या पदवीच्या वर्गांत तो पोहोचायला आणखी बारा-तेरा वर्षे जावी लागली. विद्यापीठ अनुदान आयोगासाठी या अभ्यासक्रमाचे पाठ्यपुस्तक लिहिले ते पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी, आणि ते पेशाने शल्यचिकित्सक. भारती विद्यापीठात १९९३ मध्ये सुरू झालेली पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था त्यांनी संचालक म्हणून वाढवली. आयोगाच्या आराखड्यात ५० तासिका होत्या, त्यांपैकी ५ क्षेत्रभेटीसाठी, आणि १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्याला ठेवलेले होते. कागदावर यात काही खोट काढता येणार नाही.

वर्गात मात्र निराळेच घडले. क्षेत्रभेट म्हणजे महाविद्यालयामागच्या ओढ्यापर्यंत जाऊन काढलेला सामूहिक फोटो, आणि प्रकल्पाच्या वह्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळू लागल्या. एका वर्षी मी १४० वह्या तपासल्या. ‘मुळा नदीचे प्रदूषण’ या मथळ्याखाली वहीमागून वहीत तेच आकडे, शुद्धलेखनाच्या चुकांसकट तेच, आणि त्यांतल्या कित्येक मुलांनी मुळेचा काठ पाहिलेलाही नव्हता. दोष मुलांना देऊ नये असे माझे मत आहे. विषय सक्तीचा झाला, पण तो शिकवण्यासाठी पदे निर्माण झाली नाहीत. ज्याचा कार्यभार कमी भरत होता त्याच्या गळ्यात तो पडला. भूगोलाच्या, वनस्पतिशास्त्राच्या आणि आमच्याकडे एक वर्ष चक्क मराठीच्या प्राध्यापकांच्या. माझ्याकडेही तो तसाच आला, पुढे आवडू लागला ही गोष्ट वेगळी.

या क्षेत्रात ज्यांचे काम टिकले त्यांनी नुसता विषय शिकवला नाही, त्या विषयाला घर बांधून दिले. भरुचांच्या मागे संस्था होती. प्रकाश गोळे यांनी पुण्यात १९८२ मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी काढली आणि नैसर्गिक संसाधनांच्या व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम चालवला. नोकरी-व्यवसाय सांभाळून आलेली माणसे तिथे शिकली आणि शिकलेले आपापल्या कामात घेऊन गेली. तुमच्या-माझ्यासारख्याला संस्था काढता येत नाही हे खरे, परंतु एक खोली, एक कपाट आणि दरवर्षी भरत जाणारी नोंदवही एवढे नक्कीच उभारता येते. पीएच.डी. मात्र सोडू नका. तुमच्या परिसरातील पाणी, वीज किंवा कचरा यांच्या मोजमापाकडेच तिचा विषय वळवता येतो का, ते मार्गदर्शकांशी बोलून पाहा. कारण मुलांना नोकरीला लावणाऱ्या शिक्षकासाठी पदोन्नतीच्या अर्जात रकाना नसतो.

भोसरीचा ऊर्जा लेखापरीक्षक

पहिल्या प्रश्नाबद्दल. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे आणि त्याखाली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची राष्ट्रीय परीक्षा होते. तीन पेपर दिले की ऊर्जा व्यवस्थापक, चौथाही दिला की लेखापरीक्षक. परंतु त्यासाठी अभियांत्रिकीची पदवी वा पदविका किंवा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र अशा विषयांतली पदव्युत्तर पदवी आणि वर कामाचा अनुभव लागतो, त्यामुळे बी.एस्सी.च्या मुलाला हे दार लगेच उघडत नाही. त्याला सहायकाचे काम मिळते: मीटर लावणे, दर तासाला नोंदी घेणे, रात्री त्या एक्सेलमध्ये भरणे. सुरुवात म्हणून हे काम वाईट नाही.

मुलाखतीला आलेल्या मुलापुढे मी एक वीजबिल ठेवतो आणि यात पैसे कुठे वाया जात आहेत ते दाखव, असे सांगतो. ओझोनच्या थरावर दहा मिनिटे बोलणारी मुले भेटतात. कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या, म्हणजे वीज कंपनीशी करारात ठरलेल्या कमाल मागणीच्या, ओळीवर बोट ठेवणारा क्वचित. वापर कितीही घटला तरी त्या आकड्याशी बांधलेला आकार भरावाच लागतो, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

हरित लेखापरीक्षण, म्हणजे संस्थेच्या वीज-पाणी-कचऱ्याची तपासणी, कसे चालते त्याचा एक नमुना देतो. एका वसतिगृहाच्या गच्चीवर सौर बंब चकचकीत उभा होता, पण गरम पाण्याच्या पाइपवरचे आवरण केव्हाच गळून पडले होते. पाणी तळमजल्यावर यायच्या आत कोमट व्हायचे, म्हणून प्रत्येक न्हाणीघरात गीझर लावलेले. अहवालात मात्र ‘सौर ऊर्जेचा वापर: होय’. त्या पाइपला हात लावून पाहणारा मुलगा मला हवा आहे.

वाणिज्य शाखेच्या मुलांनाही वर्गात घ्या. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ पासून व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल बंधनकारक केला आहे. त्यासाठी वीज, पाणी आणि कचऱ्याचे आकडे कोणीतरी गोळा करून ताडून पाहावे लागतात, आणि ताळा जमवणे ही मूळची हिशेबनिसाची विद्या. माझे ऐकाल तर ३० पैकी २० तास महाविद्यालयाच्याच बिलांवर आणि पाण्याच्या टाक्यांवर घालवा.

ओला-सुका

थोडे कडू लिहितो, राग मानू नये. ‘हरित’ हा शब्द मागे लागला म्हणून पगार वाढत नाही. मी पुण्यातील सोसायट्यांचे एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) आणि खतप्रकल्प सांभाळतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांवर जबाबदारी टाकल्यावर आमची कामे वाढली, पण ऑपरेटर आजही ठेकेदाराचा माणूस आहे, रात्रपाळी करतो आणि सांडपाण्यात हवा सोडणारा ब्लोअर बंद पडला की शिव्या खातो. सौर पॅनेल बसवायला शिकवणाऱ्या सूर्यमित्र प्रशिक्षणासारख्या योजनाही प्रामुख्याने आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांसाठी आहेत. पदवीधराला त्या कामाची लाज वाटणार असेल तर ते आधीच बोलून घ्यावे. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून दारोदार कचरा गोळा करते. अशा कामातल्या एखाद्या ताईंना दोन तासिकांसाठी बोलवा आणि त्यांना पाहुण्या प्राध्यापकाइतकेच मानधन द्या. प्लॅस्टिकचे प्रकार त्या हाताने चोळून ओळखतात.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. ‘ओला-सुका’ यांची सूचना प्राचार्यांपुढे मांडली. मानधनाच्या मुद्द्यावर ते थोडे थबकले, पण नाही म्हणाले नाहीत. मार्गदर्शकांची वेळ मागितली आहे. लेखा विभागातून तीन वर्षांची वीजबिले मिळाली असून चार मुलांना घेऊन ती वाचायला बसले. कॉन्ट्रॅक्ट डिमांडची ओळ सापडली, आणि आम्ही पाहिलेल्या महिन्यांत प्रत्यक्ष नोंदलेली मागणी तिच्या निम्म्यालाही पोहोचलेली दिसत नाही. ती कमी करून घेण्याचा अर्ज प्राचार्यांनी करायचा की संस्थेच्या सचिवांनी?

भोसरीचा ऊर्जा लेखापरीक्षक

ज्यांच्या नावावर जोडणी आहे त्यांनी. मात्र आधी सलग बारा महिन्यांचे आकडे एकाखाली एक लिहून काढा, आणि लग्नसराईत तुमचे सभागृह भाड्याने जाते का तेही विचारून घ्या, त्या दिवसांत मागणी चढत असेल.