सल्ला हवा: १९१८ चा रुपया, पांढरा घ्यावा की रंग चढलेला?

महालकर_नाणी: नमस्कार मंडळी. पंचम जॉर्जचा १९१८ चा चांदीचा रुपया घ्यायचा आहे. बजेट ४,००० रुपये, त्यावर एक रुपयाही नाही. नागपूरच्या इतवारीत एकाकडे दोन नाणी पाहिली. एक पांढरं, चकचकीत, पण राजाच्या गालावर दोन बारीक ओरखडे. दुसऱ्याच्या काठाला निळा-जांभळा रंग, मध्ये सोनेरी. दुकानदार दोन्ही 'यूएनसी', म्हणजे न वापरलेली, म्हणतो, रंगीताचे ८०० जास्त मागतो. कोणतं घेऊ?

धरमपेठ_७०: रंगीतच घ्या. माझ्याकडे १९०७ चा एडवर्ड आहे, काठाला मोरपंखी. जो येतो तो भाव विचारतो.

बर्डीवाला: रंगीतच. शंभर वर्षांची चांदी पांढरी राहीलच कशी? नक्की धुतलेली.

सदर_स्लॅब: दोन्ही सोडा. एनजीसी किंवा पीसीजीएस या ग्रेडिंग कंपन्यांनी तपासून ७० पैकी ६४ दिलेलं, म्हणजे एमएस ६४ घ्या (एमएस ६० पासून पुढे न वापरलेली), झोप तरी लागेल.

महालकर_नाणी: दादा, बजेट ४,००० आहे.

सदर_स्लॅब: मग सहा महिने थांबा. मी असंच सुटं नाणं घेऊन ग्रेडिंगला पाठवलं. 'क्लीन्ड', म्हणजे घासलेलं, असा शेरा मारून परत आलं. ग्रेडचा आकडा नाही, फी गेली ती गेलीच.

आजीचा_नातू: आमच्याकडे आजीच्या गाठोड्यात व्हिक्टोरियाचे अकरा रुपये होते. मी पुण्याला असताना दिवाळीच्या साफसफाईत घरच्यांनी चिंच-मीठ लावून घासले. फडक्याला जे काळं लागलं त्यात चांदीच होती. राणीच्या केसांच्या बटा सपाट झाल्यात. अजून तो डबा उघडवत नाही मला.

वऱ्हाडी_टाकसाळ: थे इंग्रजाचे रुपये काहाले घेता भाऊ? भोसल्यायचा रुपया घ्या, आपल्या नागपूरच्या टाकसाळीचा.

बर्डीवाला: त्यावर नाव मुघल बादशहाचं आहे.

वऱ्हाडी_टाकसाळ: नाव बादशहाचं, हातोडा आपला.

काठ_आणि_छाप: सगळे रंगावर बोलताय, चकाकीचं कोणी विचारतच नाही. नाणं काठाला धरा, एकाच दिव्याखाली हळूहळू तिरपं करत फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचे पट्टे सायकलच्या आऱ्यांसारखे फिरतात. घासलेल्यावर उजेड एका जागी बसून राहतो. मग मुकुट, भुवई, दाढी पाहा. उंच भाग करडे, मंद दिसले तर नाणं वापरात होतं, ग्रेड ५८ च्या वर जाणार नाही. गालावरचे ओरखडे बहुतेक पोत्यात नाण्यावर नाणं आदळून पडलेले असतात, एमएस ६०-६२ ला ते चालतात.

रंग म्हणजे चांदीवर गंधकाने आलेला पातळ थर. थर वाढतो तसा आधी पिवळा, मग तांबूस-जांभळा, मग निळा. कागदात राहिलेल्या नाण्याला तो काठाकडून आत सरकतो, आणि खालची चकाकी जिवंत असते. उकडलेल्या अंड्याबरोबर डब्यात ठेवूनही असा रंग आणतात. बारीक समांतर रेघांच्या आतही तोच रंग दिसला, तर नाणं आधी घासलंय, रंग नंतरचा. वजनही करा, ११.६६ ग्रॅमच्या आसपास हवं.

धरमपेठ_७०: इतकी शंका घेतली तर कोणी नाणं घेणारच नाही. मी पाहताक्षणी घेतो. १९११ चा डुक्करछापही असाच मिळाला.

काठ_आणि_छाप: तो हत्ती आहे, राजाच्या झग्यावरचा. सोंड आखूड म्हणून लोकांना डुक्कर वाटलं. १९१२ ला सोंड नीट केली.

मानेवाडा_कूलर: कोणतंही घ्या, पण कूलरच्या खोलीत ठेवू नका. माझी सहा नाणी एका उन्हाळ्यात काळी पडली. आता हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो.

बर्डीवाला: रंगीतच घ्या हो.

महालकर_नाणी: काल जाऊन आलो. दुकानाच्या ओट्यावर भिंग लावून पाहिलं. रंगीताच्या मानेमागे समांतर रेघा, जांभळा थेट रेघांत उतरलेला, आणि कितीही फिरवलं तरी उजेड हलेना. पांढऱ्यावर पट्टे गोल फिरले. वजन ११.६५. मागे खालच्या कमळाखाली ठिपका, म्हणजे मुंबई टाकसाळ. ३,१०० ला पांढरं घेतलं. नरम प्लास्टिकच्या पाकिटात होतं, काठाला हिरवट चिकटा आलाय. त्याचं काय करू?

काठ_आणि_छाप: पाकीट आजच फेका. काचेच्या वाटीत शुद्ध असिटोन, नाणं बुडवून ठेवा, खिडकी उघडी आणि गॅस बंद. नेलपॉलिश रिमूव्हर नको. बोळा फिरवू नका, फडकं लावू नका, आपोआप वाळू द्या.

धरमपेठ_७०: चूक केलीत. ते रंगीत नाणं अजून आहे का त्यांच्याकडे?