‘सिल्व्हर हेअर्ड लेजिस्लेचर’ला मराठीत काय म्हणावे?

सदाफुली
आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या वार्षिक अंकासाठी एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करीत आहे आणि शीर्षकापाशीच अडले आहे. अमेरिकेतील मिझुरी राज्यात १९७३ मध्ये ‘सिल्व्हर हेअर्ड लेजिस्लेचर’ सुरू झाले आणि पुढे फ्लोरिडा, कॅन्सस, टेक्सास अशा अन्य राज्यांनीही ती कल्पना उचलली. साठी ओलांडलेले नागरिक आपापल्या भागातून प्रतिनिधी निवडतात. हे प्रतिनिधी एकत्र जमून वृद्धांच्या प्रश्नांवरील प्रस्ताव मांडतात, त्यांवर रीतसर चर्चा व मतदान करतात, आणि मिझुरीत त्यांपैकी पाच प्रस्ताव अग्रक्रमाचे म्हणून राज्याच्या खऱ्या कायदेमंडळाकडे पाठवले जातात. कायदा करण्याचा अधिकार मात्र त्यांना नाही. मी ‘रुपेरी केसांचे विधिमंडळ’ असे लिहिले होते, ते संपादकांनी खोडून ‘वरिष्ठ नागरिक विधानसभा’ केले. जाणकारांनी मत द्यावे.

जुना प्रतिवेदक
‘विधानसभा’ सपशेल चूक आहे. आपल्याकडे २८८ सदस्यांची विधानसभा आणि ७८ सदस्यांची विधान परिषद ही दोन सभागृहे मिळून विधानमंडळ होते, आणि मिझुरीतही दोन सभागृहे आहेत. तेव्हा एका सभागृहाचे नाव साऱ्या मंडळाला देता येणार नाही. ‘विधिमंडळ’ हे वृत्तपत्रांचे लाडके रूप असले, तरी सरकारी कागदोपत्री ‘विधानमंडळ’ आहे. ‘वरिष्ठ’ने तर घोळ वाढतो. मराठीत वरिष्ठ म्हणजे कचेरीतला वरचा अधिकारी, आणि ‘वरिष्ठ सभागृह’ म्हणजे विधान परिषद. वय या अर्थाचा ‘वरिष्ठ नागरिक’ हा हिंदी फलकांवरून आलेला पाहुणा आहे.

तळ्यातला
संपादकांचा ‘वरिष्ठ’ जावा हे मान्य, पण ‘रुपेरी’ही राहू नये. ‘रुपेरी’ म्हटले की मराठी वाचकाला पडदा दिसतो आणि ‘चंदेरी’ म्हटले की साडी. डोक्यावरचे केस दोन्हींत दिसत नाहीत. आपल्याकडे केस पिकतात किंवा पांढरे होतात. ‘हे केस उन्हात पांढरे झालेले नाहीत’ असे म्हणणाऱ्यांच्या सभेला ‘पिकल्या केसांची सभा’ का म्हणू नये?

सदाफुली
कारण ती थट्टा वाटेल. अंकाचे निम्मे वाचक पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत आणि त्यांतले काही मला रोज बागेत भेटतात.

अमरकोशी
‘ज्येष्ठ’ शब्द सर्वांनी गृहीत धरलेला दिसतो, म्हणून सांगतो. ‘ज्येष्ठ’ हे तमभाववाचक रूप आहे, त्याचा अर्थ सर्वांत थोरला. एका सभेत शंभर माणसे बसली असता शंभरही जण ज्येष्ठ कसे असतील? ‘वृद्ध’ हा नेमका आणि प्रतिष्ठित शब्द आपण उगाच वाळीत टाकला आहे. उद्योगपर्वातील ‘न सा सभा यत्र न सन्ति वृद्धाः’ हे वचन आपल्या जुन्या संसद भवनात कोरलेले आहे. तिथे कोणाला संकोच वाटला नाही. माझ्या मते ‘वृद्धसभा’ हा एकच शब्द पुरेसा आहे.

तळ्यातला
‘श्रेष्ठ’ हेही तमभाववाचकच आहे, पण म्हणून आपण ‘श्रेष्ठ कवी’चे अनेकवचन टाळत नाही. २००७ च्या चरितार्थ व कल्याण कायद्याने साठीपुढच्या प्रत्येक भारतीयाला ज्येष्ठ नागरिक ठरवले आहे, आणि एसटीने तर पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास देताना ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ असा नवा थरही निर्माण केला. लोकांनी शब्द स्वीकारला की व्याकरणाने त्याच्या मागून चालावे.

अमरकोशी
व्याकरण मागून चालत राहिले म्हणूनच ‘अमृत ज्येष्ठ’सारखे शब्द पुढे गेले.

ह्यूस्टनकर
मी टेक्सासात राहतो, म्हणून थोडी माहिती देतो. इथली संस्था राज्याच्या कायदेमंडळानेच १९८५ मध्ये ठराव करून स्थापली. साठ वर्षांवरील प्रतिनिधी दोन वर्षांसाठी निवडले जातात आणि त्यांचे मतदारही साठीपुढचेच असतात. वृद्धाश्रमांतील देखभाल, वृद्धांची आर्थिक फसवणूक असे विषय ते सरकारपुढे नेतात. ठरावाचे विधेयक व्हायचे असेल, तर एखाद्या निवडून आलेल्या आमदारालाच ते हाती घ्यावे लागते. सर्व काम विनामूल्य चालते. नावात इथे कोणाला काही टोचत नाही, उलट थोडा लाडिकपणा आहे. तो ‘वृद्धसभे’त पार आटून जातो.

जुना प्रतिवेदक
मग ज्याला अधिकार नाही त्याला ‘मंडळ’ तरी का म्हणावे? कायद्याच्या महाविद्यालयात ‘अभिरूप न्यायालय’ असते, त्या धर्तीवर ‘ज्येष्ठांचे अभिरूप विधानमंडळ’ म्हटल्यास वाचकाची दिशाभूल होणार नाही.

ह्यूस्टनकर
‘अभिरूप’ला माझी सक्त हरकत आहे. अभिरूप न्यायालयात खटला खोटा असतो आणि विद्यार्थी पेढे खाऊन घरी जातात. इथले गाऱ्हाणे खरे, मतदान खरे, आणि कागदही खऱ्या आमदाराच्या टेबलावर जातो. अधिकार नसणे वेगळे आणि सोंग असणे वेगळे.

जुना प्रतिवेदक
तसे असेल तर ‘शिफारस’ हा शब्द नावात हवा. अशासकीय विधेयक निदान सदस्य स्वतः मांडतो. या मंडळींना तेवढेही करता येत नाही.

थेट वऱ्हाडातून
इतका वेळ कोणी ‘थोर’चे नाव घेतले नाही याचे नवल वाटते. आमच्याकडे घरातला मोठा तो थोरला, आणि ‘थोर’ हा ‘स्थविर’ म्हणजे वृद्ध या शब्दावरूनच आला आहे. ‘थोरांची सभा’ म्हणा, वय आणि मान दोन्ही साधतात.

अमरकोशी
‘थोर’ हा ‘स्थूर’वरून आला आहे, म्हणजे आकाराने मोठा. ‘स्थविर’वरून ‘थेर’ झाला आणि त्याचा पुढे ‘थेरडा’ झाला. तो आपण शीर्षकात घालणार नसाल, अशी आशा आहे. राहिली केसांची गोष्ट, तर मनूने ‘न तेन वृद्धो भवति येनास्य पलितं शिरः’ असे म्हणून पिकल्या केसांची पात्रता केव्हाच रद्द केली आहे. त्याच श्लोकात शिकलेल्या तरुणालाही देव स्थविर मानतात, असे पुढे आहे.

तळ्यातला
आणि मराठीने ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून उरलेसुरले काम पुरे केले.

थेट वऱ्हाडातून
माझे आजोबा स्वतःच्या नावापुढे ‘थोरले’ लावत आणि ते हडकुळे होते. ‘स्थूर’ मला पटत नाही.

सदाफुली
चर्चा रंजक आहे, परंतु अंक महिनाअखेर छापखान्यात जाणार आहे.

जुना प्रतिवेदक
नावापेक्षा मला वेगळाच प्रश्न महत्त्वाचा वाटू लागला आहे. घटनेच्या १७१ व्या अनुच्छेदानुसार विधान परिषदेत शिक्षकांना आणि पदवीधरांना स्वतंत्र मतदारसंघ आहेत, मग साठीपुढच्यांना का नसावा?

अमरकोशी
शिक्षकांची ओळख व्यवसायाची आहे, वय ही ओळख नव्हे. आज मतदार नसलेला प्रत्येक जण उद्या त्या यादीत येणारच आहे. शिवाय त्या मतदारसंघाचे नाव काय ठेवाल, ‘ज्येष्ठ’ की ‘वृद्ध’?

थेट वऱ्हाडातून
‘थोर’.