लस आणि न्यूमोकोकसचे बदलते प्रकार
लस आली तरी न्यूमोकोकस या न्यूमोनिया घडवणाऱ्या जिवाणूचे आजार दिसतातच, मग उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. पण या जिवाणूचे ९० हून अधिक प्रकार आहेत आणि लस त्यांतील मोजक्यांवरच चालते. अमेरिकेत २००० साली ७ प्रकारांवरची लस सुरू झाल्यावर बालकांतील रक्ताचे व मेंदूच्या आवरणाचे संसर्ग झपाट्याने घटले, लस न घेतलेल्या ज्येष्ठांतही ते कमी झाले, मात्र लसीबाहेरचा १९-ए हा प्रकार वाढला. म्हणून २०१० मध्ये त्याला सामावणारी १३ प्रकारांची लस आणावी लागली. एकूण आजार तरीही पूर्वीपेक्षा कमीच राहिला.

मला काळजी वाटते ती बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांची. दिवाळीच्या सुमारास ती फडावर जातात आणि बाळाचा या लसीचा नऊ महिन्यांचा बूस्टर, म्हणजे संरक्षण टिकवणारा पुढचा डोस, राहून जाऊ शकतो. लसीकरणाचे कार्ड सोबत असेल, तर कारखान्याजवळच्या सरकारी केंद्रातही तो मोफत मिळतो.