मायएसक्यूएल ८.० वरून परत ५.७ वर जाता येईल का?

वाचनालय_कऱ्हाड: वाचनालयाच्या काउंटरवरचा संगणक उबुंटू १८.०४ या ऑपरेटिंग सिस्टिमवर होता. शनिवारी २०.०४ केला, त्यासोबत मायएसक्यूएल (नोंदी साठवणारा डेटाबेस) ५.७ चं ८.० झालं. देवघेव नीट चालू आहे, पण ‘गटनिहाय वर्गणी’ उघडलं की एरर १०६४. पीएचपीचा प्रोग्राम जुना, लिहिणारा मुलगा आता दुबईला. शुक्रवार रात्रीचा डंप (सगळ्या नोंदी काढून ठेवलेली फाइल) आहे. नुसतं मायएसक्यूएलचं पॅकेज ५.७ वर आणलं तर भागेल ना?

जुना_डीबीए: थांबा, पॅकेजला हात लावू नका. पॅकेज मागे येईल, डेटा येणार नाही. ८.० पहिल्यांदा सुरू होतानाच डेटा डिक्शनरी, म्हणजे टेबलांची अंतर्गत माहिती, नव्या रचनेत लिहून काढतं, ती ५.७ ला वाचता येत नाही. अधिकृत रस्ता एकच, अपग्रेडआधीचा बॅकअप. म्हणजे शनिवारपासून कोणी कुठलं पुस्तक नेलं, त्या नोंदी गेल्या. आणि सभासद काही आपण होऊन सांगायला येत नाहीत!

रात्रपाळी: आत्ता ८.० मधून डंप काढून ५.७ मध्ये भरला तर?

जुना_डीबीए: ८.० वर एखादं नवं टेबल बनलं असेल, तर त्याचं कोलेशन (अक्षरं जुळवायचे, क्रम लावायचे नियम) यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय असू शकतं. ५.७ ला ते माहीतच नाही, भरताना तिथेच अडेल. खटाटोप करून भरलात तरी पदरात काय? ५.७ चे अपडेट ऑक्टोबर २०२३ मध्येच बंद झालेत.

कऱ्हाडकर, मूळ दुखणं वेगळं दिसतंय. प्रोग्रामात ‘ग्रुप्स’ नावाचं टेबल आहे का? ८.० मध्ये तो राखीव शब्द झाला, म्हणजे मायएसक्यूएलने स्वतःच्या आज्ञांसाठी ठेवलेला; नाव म्हणून नुसता लिहिला की १०६४. क्वेरीत (प्रोग्राम डेटाबेसला पाठवतो त्या आज्ञेत) त्या नावाला दोन्ही बाजूंनी बॅकटिक लावा, म्हणजे एकच्या डावीकडच्या बटणावरचं चिन्ह. साधं अवतरणचिन्ह नको. फाइलची प्रत आधी ठेवा.

पुढच्या वेळी मायएसक्यूएल शेल या जोड-प्रोग्राममधला अपग्रेड-चेकर आधी चालवा, असली नावं तो दाखवतो. आणि सर्व्हर बंद करून डेटा फोल्डरची अख्खी प्रत पेनड्राइव्हवर. नुसत्या डंपवर माझा जीव रमत नाही.

वाचनालय_कऱ्हाड: होतं सर, ग्रुप्सच! वर्गणी दिसली. आता वाचनस्पर्धेच्या पानावर तोच एरर, तिथे ‘रँक’ नावाचा कॉलम आहे.

जुना_डीबीए: तोही राखीव शब्दांच्या यादीतला. जिथे टेबलाचं नाव, टिंब आणि मग रँक असं लिहिलंय तिथे चालेल. नुसतं रँक असेल तिथे बॅकटिक लावा.