मदत हवी आहे: कार आणि स्कूटर एकदमच गेल्या, आता कोणती गाडी घ्यावी? (ठाणे)

मानपाड्याची
गेल्या आठवड्यात पाण्याच्या टँकरने आमची कार आणि स्कूटर दोन्ही भिंतीला चेपल्या. आत कोणी नव्हतं, नशीब. ड्रायव्हर म्हणतो ब्रेक लागले नाहीत. विम्याचा सर्वेअर 'टोटल लॉस' म्हणतोय. बाबांचं डायलिसिस दिवसाआड असतं, ऐरोलीला, आणि घोडबंदर रोडवर पहाटे कॅब कधी येते, कधी पाच मिनिटं आधी कॅन्सल होते. बजेट नऊ लाख ऑन रोड. वॅगन आर, टियागो की पंच, एवढंच सांगा. स्कूटरचं नंतर बघू. 'आधी सगळ्यांची टेस्ट ड्राइव्ह घ्या' कृपया नको, तेवढा वेळ नाहीये.

सुसाट_कळवा
टियागो. डोळे झाकून.

काका_पाचपाखाडी
डोळे झाकून गाडी घेतात होय? ताई, पेट्रोल की सीएनजी? चालवणार कोण? विमा फुल होता की नुसता थर्ड पार्टी (फक्त समोरच्याचं नुकसान भरणारा)? लोन आहे का?

मानपाड्याची
मीच चालवते. विमा आहे हो, फुल. लोन थोडंसं बाकी आहे. पण मी गाडी कोणती ते विचारलंय.

नौपाड्याचा_विमेवाला
'थोडंसं' म्हणजे किती? आणि गाडी किती वर्षांची? कारण तुमचं बजेट त्यावर ठरणार आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (घसारा वजा करून पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस धरतात. मग हातात येते आयडीव्ही, तुम्ही गाडी घेतलीत ती किंमत नाही. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा, चार ते पाचला ५०. त्यातून आधी बँक आपले पैसे घेणार, उरलं तर तुमचे. 'रिटर्न टू इन्व्हॉइस' (बिलाची पूर्ण किंमत देणारं जादा कव्हर) घेतलं असेल तर गोष्ट वेगळी, पॉलिसीच्या पहिल्या पानावर बघा.

हिरवी_पाटी
पंच ईव्ही घ्या. महाराष्ट्रात इलेक्ट्रिकला रोड टॅक्स नाही. पेट्रोलला दहा लाखांच्या आतल्या गाडीवर ११ टक्के भरता. मानपाडा ते ऐरोली रोज केलं तरी आठवड्याला एकदा चार्ज.

सुसाट_कळवा
आणि चार्जिंग कुठे, गच्चीवरून वायर सोडून? आमच्या सोसायटीत चार्जरचा विषय तीन एजीएम फिरतोय. नऊ लाखांत पंच ईव्ही कुठे मिळते तेही सांगा.

हिरवी_पाटी
तुमच्या सोसायटीचा दोष गाडीवर कशाला?

काका_पाचपाखाडी
दोघांनी वेगळा धागा काढा. ताई, गाडी कोणाच्या नावावर आहे?

मानपाड्याची
दादाच्या. तो बेंगळुरूला असतो. त्याने काय फरक पडतो? कार चार वर्षं पूर्ण, पाचवं चालू. इन्व्हॉइसवालं नाहीये, आत्ता बघितलं.

नौपाड्याचा_विमेवाला
सगळाच फरक पडतो. क्लेम फॉर्म, केवायसी, बँकेची एनओसी, आरसीचे कागद, सगळीकडे सही दादाची. लोन फिटल्यावर उरलेले पैसेही त्याच्याच खात्यात जाणार. त्याला एकदा इकडे बोलवा नाहीतर कागद कुरियरने फिरत बसतील. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट) होता तोही आता शून्यावर. नवीन गाडी तुमच्याच नावावर घ्या, म्हणजे पुढच्या वेळी हा घोळ नको.

सॅल्व्हेजचं (मोडक्या गाडीच्या भंगाराचं) पत्र नीट वाचून सही करा. भंगाराची किंमत वजा करून गाडी तुमच्याकडेच ठेवायचा पर्याय देतात, मग भंगार विकायची जबाबदारी तुमची. कोणालाही विकलंत तरी आरसी रद्द करून घ्या. कायद्यात त्यासाठी १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आहे. टोटल लॉस गाडीची आरसी आणि चॅसी नंबर चोरीच्या गाडीला चढवायचा धंदा जुना आहे. पोलीस मग दादाच्या दारात.

वकील_बेलापूर
स्कूटर 'नंतर बघू' म्हणताय, तिचा विमा कसला होता?

मानपाड्याची
नुसता थर्ड पार्टी. म्हणूनच सोडून दिलंय.

वकील_बेलापूर
सोडू नका. तुमच्या विम्यातून काही मिळणार नाही, पण टँकरच्या थर्ड पार्टी विम्यातून मिळू शकतं. मालमत्तेच्या नुकसानीचा दावाही मोटार अपघात न्यायाधिकरणातच होतो, ठाण्याला आहे ते. पोलिसांकडून एफआयआर, पंचनामा आणि टँकरच्या पॉलिसीची प्रत घ्या. कारचं जे तुमच्या कंपनीने दिलं नाही तेही त्यात मागता येतं, एकच नुकसान दोनदा मात्र नाही. महत्त्वाचं: टँकर गेटच्या आत होता की बाहेर?

मानपाड्याची
आत. रॅम्पवरून खाली घसरला.

वकील_बेलापूर
मग समोरची कंपनी 'ही सार्वजनिक जागा नाही' असा मुद्दा काढेल. काढू दे. रोज टँकर, कुरियर, दूधवाले येतात-जातात हे गेटच्या रजिस्टरमध्ये असतंच. त्या दिवसाचं पान आणि सीसीटीव्ही आजच मागून घ्या, फुटेजवर फुटेज चढतं.

रॅम्पवाला_ढोकाळी
सोसायटीने भरायला हवं! टँकर त्यांनीच बोलावला ना?

सेक्रेटरी_नाइलाजाने
हे बरंय. नळाला पाणी येत नाही म्हणून टँकर मागवा, उशीर झाला की शिव्या खा, आणि ब्रेक फेल झाले की तेही आम्हीच भरा. घोडबंदरला एवढे टॉवर उभे करताना पाणी कुठून येणार हे विचारलं होतं कोणी?

रॅम्पवाला_ढोकाळी
मेंटेनन्स मात्र वेळेवर मागता.

टोलमुक्त
अवांतर: मुलुंड-ऐरोली पुलावरून जा. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर कारला टोल नाही. पावसात विटाव्याच्या सबवेत अडकू नका. आणि जुन्या गाडीचा फास्टॅग बंद करा, लोक विसरतात.

नर्स_ऐरोली
कोणी बाबांबद्दल विचारलंच नाही. चालतात का ते? डायलिसिसनंतर गळून गेलेला पेशंट खाली वाकून बसत नाही.

मानपाड्याची
थोडं चालतात. व्हीलचेअर लागते, फोल्डिंगची.

नर्स_ऐरोली
मग टियागो बाद. सीट खाली आहे. वॅगन आर किंवा पंच, सरळ आत सरकता येतं. टेस्ट ड्राइव्ह तुम्ही नका घेऊ, बाबांना बसवून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

काका_पाचपाखाडी
+१. आणि सीएनजीचा मोह झाला तर लक्षात ठेवा, वॅगन आरमध्ये सिलिंडर डिकी खातो, व्हीलचेअर कुठे ठेवणार? पंचमध्ये दोन छोटे सिलिंडर खाली बसवलेत, डिकी बरीच मोकळी राहते. तुमचं रनिंग बघता पेट्रोलच बरी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झालाय, तेव्हा कोणी जुन्या किमती सांगत असेल तर पुढच्या शोरूमला जा.

सुसाट_कळवा
टियागो बाद कशी? माझी आई ७० ची आहे, रोज बसते.

नर्स_ऐरोली
तुमच्या आईला नमस्कार. त्यांचं डायलिसिस चालू आहे का?

नौपाड्याचा_विमेवाला
क्लेम सुटेपर्यंत महिन्याच्या बोलीवर गाडी लावा, पण पिवळ्या पाटीची. ओळखीतला कोणी पांढऱ्या पाटीची 'स्वस्तात देतो' म्हणेल. काही झालं तर विमा कंपनी हात वर करेल.

मानपाड्याची
दादा शनिवारी येतोय. लोन एक लाख ऐंशीच्या आसपास आहे म्हणाला, म्हणजे नऊ लाखांचं बजेट आता सव्वासातच्या आसपास आलं. उद्या बाबांना घेऊन वॅगन आर आणि पंच दोन्हीत बसवून बघते. सीसीटीव्ही मिळालं. गेटच्या रजिस्टरचं पान सेक्रेटरी सोमवारी देतो म्हणतायत, बघू.

जुनं_ते_सोनं_तुर्भे
ताई, कारचे टायर नवीन होते का? चारही घेतो. रोख.

नौपाड्याचा_विमेवाला
सर्वे झालाय. एक नट जरी काढला तरी सॅल्व्हेजच्या किमतीतून कापतील. हात लावू देऊ नका.

जुनं_ते_सोनं_तुर्भे
बरं. स्कूटरचे?