मदत हवी आहे: दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या बढतीबद्दल विद्यापीठाच्या धोरणात काय लिहावं?

नमस्कार मंडळी,

मी एका अकृषी विद्यापीठात शिकवते. आमच्याकडे समान संधी धोरण नव्याने लिहायचं काम चालू आहे आणि त्या समितीत मी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २१ प्रमाणे असं धोरण असायलाच हवं. सध्याच्या मसुद्यात रॅम्प, लिफ्ट, स्वच्छतागृहं, ब्रेल पाट्या असं सगळं आहे. पण माणूस नोकरीत आल्यावर त्याचं पुढे काय, यावर एक ओळसुद्धा नाही.

अडचण सांगते. ४ टक्के आरक्षणातून माणसं रुजू होतात. आमचे एक अंध सहकारी कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. पदवीधर आहेत, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर) लावून संगणकावर सफाईने काम करतात. पण रुजू झाल्यापासून त्यांना टेलिफोनवरच बसवलंय. आस्थापना, लेखा, परीक्षा, कुठल्याच विभागात बदली नाही. टिपणी लिहायला कधी फाइल आली नाही. मग गोपनीय अहवालात साहेब लिहिणार तरी काय? 'त्यांना त्रास नको म्हणून हलकं काम दिलंय' असं सांगतात. हेतू चांगला असेल, पण त्या हलक्या कामानेच त्यांची वाट अडली आहे, आणि मला ते मनापासून लागतं.

कलम २० म्हणतं की केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून बढती नाकारता येणार नाही. इथे कागदावर कुणी काही नाकारलेलंच नाही, त्यामुळे तक्रार तरी कशाची करणार? बढतीला लागणारा अनुभवच मिळत नाही, हे धोरणाच्या भाषेत कसं मांडायचं तिथे माझं घोडं अडलंय. 'ठरावीक वर्षांनी प्रत्येक लिपिकाला फाइलकामाच्या विभागात नेमणूक, लागणाऱ्या सोयींसह' असं कलम घालावं असं माझ्या मनात आहे. कुठे असं आहे का? चालतं का?

दुसरी गोष्ट फॉन्टची. वाचायला किरकोळ वाटेल, पण फार नडते. जुनी परिपत्रकं, परिनियम, सेवानियम श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेले आहेत. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर युनिकोडमधलं (प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत असलेल्या पद्धतीतलं) मराठी वाचतो. या जुन्या फॉन्टमध्ये मात्र पडद्यावर 'क' दिसला तरी आत रोमन चिन्ह असतं, त्यामुळे ऐकू येते ती निव्वळ अक्षरांची खिचडी. बाकीचं स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये, म्हणजे नुसतं चित्र. बढतीसाठीच्या विभागीय परीक्षेचा अभ्यास याच कागदांवरून करायचा असतो. कुणी सगळी परिपत्रकं युनिकोडमध्ये आणून घेतली असतील तर ते काम कुणाकडून करून घेतलं आणि खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकला, हे जरूर सांगा. आमचा लेखा विभाग पहिला प्रश्न तोच विचारणार.

लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ देणारी मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने २०१८ मध्ये काढली होती. तुमच्याकडे विभागीय परीक्षेला ती लावतात का? की उमेदवाराला संगणकावर उत्तरं लिहू देतात?

आणखी एक. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये केरळच्या एका प्रकरणात बढतीतही दिव्यांगांना आरक्षण असल्याचं मान्य केलं. तुमच्या बिंदुनामावलीत (कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं ते दाखवणाऱ्या नोंदवहीत) ते प्रत्यक्षात दिसतं का? आस्थापना विभागात काम करणाऱ्या कुणी उत्तर दिलं तर सोन्याहून पिवळं.

नुसता मसुदा मिळाला तरी चालेल, संस्थेचं नाव झाकून पाठवा.

भर: खाली एका ताईंनी विचारलंय की त्या सहकाऱ्यांना स्वतःला काय हवंय. विचारलं होतं. त्यांना परीक्षा विभाग हवा आहे. तिथला पत्रव्यवहार बराचसा ईमेलवर चालतो, तो मी आजही करू शकतो, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांच्या परवानगीनेच इथे लिहिते आहे.