उमरेड रोडवर 10 गुंठ्यांची हापूस बाग घ्यावी का?

त्रिमूर्तीनगरच्या बाई:

नमस्कार. गेल्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. फंडातले 12 लाख बँकेत पडून आहेत. उमरेड रोडवरून पाच-सहा किलोमीटर आत एकांनी जमीन घेऊन 10-10 गुंठे पाडले आहेत. प्रत्येक तुकड्यात 40 हापूसची कलमं, ठिबक, तारेचं कुंपण. सहा वर्षं देखभाल त्यांची आणि सातव्या वर्षापासून दरवर्षी 3 लाख हमखास, असं लिहून देतात. किंमत साडेअकरा लाख. मे महिन्यात मी बघून आले. आंबा कापून खायला दिला, फार गोड होता.

माझ्या नावावर शेती नाही. शेतकरी दाखला आम्हीच काढून देऊ, म्हणाले.

खरं सांगायचं तर पैशापेक्षा झाडाची ओढ आहे. रामटेकला वडिलांच्या परसात गावरानी आंबा होता. वाटणीत घर विकलं गेलं, झाडही गेलं. स्वतःच्या झाडाचा पाड हातात घेऊन 22 वर्षं झाली. रविवारी टोकन द्यायचं आहे. कोणी नागपूरकडे हापूस लावला असेल तर कृपया सांगा.

काटोलचा संत्रेवाला:

ताई, टोकन देऊ नका. आधी माझं ऐका, मग ठरवा.

पहिली गोष्ट. मे महिन्यात तुम्हाला जो आंबा खाऊ घातला तो कुठल्या झाडाचा? कलमं लावून वर्ष-दोन वर्षं झाली असतील तर ती तुमच्या गुडघ्या-कमरेएवढी असणार. तो आंबा कोकणातून पेटीत आलेला.

मी 2009 मध्ये हापूस लावला आहे. संत्र्याचा एक तुकडा डिंक्या रोगानं गेला, तिथे काय लावावं म्हणून दापोलीकडून 50 हापूस आणले आणि सोबत 110 केसर. दोन्हींना एकच पाणी, एकच शेणखत, एकच माणूस. केसर पाचव्या वर्षापासून फळून राहिला. हापूसची झाडं मोठी झाली, पानं अशी की सावलीत बंडी उभी करावी, पण मोहोर एका वर्षी आला तर दुसऱ्या वर्षी फांद्या रिकाम्या. आड वर्षी फळणं हा हापूसचा स्वभावच आहे, कोकणातही. आमच्या भारी काळ्या मातीत ते जास्त जाणवलं. पावसाळ्यात पाणी मुळाशी थांबतं, उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटतात. कोकणात जांभ्यातून पाणी झरून जातं आणि खाऱ्या वाऱ्यामुळं 45 अंशांची होरपळ नसते.

2014 च्या गारपिटीत होता नव्हता तो मोहोर खाली आला. पुढच्या वर्षी बार चांगला धरला. पोरीच्या सासरची मंडळी आली होती, मी कौतुकानं डझनभर पाडाचे आंबे काढले. वरून केशरी, देठाशी वास अगदी बरोबर. सुरी कोयीपर्यंत गेली की आत पांढुरका, भुसभुशीत, आंबूस गर. बारापैकी आठ असे निघाले. याला साका म्हणतात. तापलेल्या जमिनीची धग वर फळाला लागते आणि फळ झाडावर जास्त दिवस राहिलं की हे वाढतं. बाहेरून ओळखू येत नाही, हेच त्याचं वाईट. आता मी झाडाखाली गवताचं आच्छादन टाकतो, आंबा पंच्याऐंशी टक्के तयार झाला की तोडून अढीत घालतो. साका कमी झाला, गेला नाही. त्या दिवशी सोयऱ्यांच्या ताटातले तुकडे मी परत उचलले, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

दुसरी गोष्ट नावाची. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना. उमरेडच्या वावरातलं फळ कितीही चांगलं निघालं तरी त्या नावानं विकायचा हक्क तुमचा नाही. मग 3 लाख कोणत्या भावानं धरले? 40 झाडं, झाडामागे 10 डझन, 800 रुपये डझन, असा हिशेब मांडलेला दिसतो. माझ्या सातव्या वर्षीच्या झाडाला चांगल्या सालात चार डझन होते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. शेतकरी नसताना आपल्याकडे शेतजमीन घेता येत नाही. दाखला "काढून देतो" म्हणणारा माणूस तुमच्या नावावर खोटा कागद करून राहिला. पुढे व्यवहार रद्द झाला तर तो हात झटकेल, जमीन सरकारजमा व्हायची वेळ तुमच्यावर येईल. शिवाय जिरायत जमिनीचा 20 गुंठ्यांखालचा तुकडा तुकडेबंदी कायद्यात अडकतो. सातबाऱ्यावर पीकपाहणीत काय लागलं आहे ते बघा. सोयाबीन-तूर दिसली तर 10 गुंठ्यांची स्वतंत्र विक्री होणार नाही, सामायिक हिस्सा तुमच्या गळ्यात मारतील.

कळमन्यात अडत:

भावाचं मी सांगतो. एप्रिलपासून आंध्र-तेलंगणाची बैंगनफल्ली ट्रकानं उतरते. आपल्याकडचा आंबा मे अखेर-जूनमध्ये तयार होतो, तोवर गिऱ्हाईक खाऊन धालेलं असतं, वरून पहिला पाऊस. विदर्भातल्या शेतकऱ्याला बरा भाव मिळतो तो लोणच्याच्या कैरीला आणि घरोघरी ओळखीनं विकलेल्या केसरला. बाकी काटोलच्या भाऊंनी बरोबर लिहिलं.

बेसा-पिपळा:

आंबा सोडा हो. नागपूरच्या आजूबाजूची जमीन कुठे खाली येते? जमीन म्हणून घ्या, झाडं वरची समजा.

काटोलचा संत्रेवाला:

बेसावाले भाऊ, जमीन वाढते ती स्वच्छ सातबाऱ्याची. भोगवटादार वर्ग-2 निघाली तर परवानगीशिवाय विकता येत नाही. आदिवासीची असेल तर अजून कठीण. आणि आपल्या भागात झुडपी जंगलाची नोंद आहे का, हे तलाठ्याकडे जाऊन जुन्या उताऱ्यांपर्यंत बघायचं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच धरलं. अशा जमिनीत परवानगीशिवाय कुंपणाचा खांबही गाडता येणार नाही. निवृत्तीच्या पैशाला हा खेळ नको.

नव्वदच्या दशकात सागवानाच्या झाडांवर असेच पैसे गोळा झाले होते, म्हणून तर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं 1999 मध्ये सामूहिक गुंतवणुकीचे नियम केले. "हमखास परतावा" लिहून देणाऱ्याला सेबीची नोंदणी विचारा. तोंड बघा त्याचं.

देवगड माहेर, नागपूर सासर:

बाई, तुमच्या रामटेकच्या झाडाचं वाचून लिहावंसं वाटलं. आमची देवगडला 140 कलमं आहेत, भाऊ बघतो. कातळावर सुरुंग लावून खड्डे घेतले आणि बाहेरची माती आणून भरली, आजोबांच्या काळात. लोक समजतात कोकणात हापूस आपोआप होतो. ऑक्टोबर सरला की भावाला झोप नसते. थंडी पडली नाही तर मोहोर नाही, जास्त लांबली तर दुसरा मोहोर फुटतो आणि आधी धरलेली कणी, म्हणजे बारकी फळं, गळून जाते. तुडतुडे, भुरी, आता फुलकिडे. फवारण्यांचा आणि राखणीच्या नेपाळी गड्यांचा खर्च आंबा हातात यायच्या आधी होतो.

कोणी म्हणेल, मग कोकणातच बाग घ्या. शेतकरी दाखला तिथेही लागतो. आणि आमच्या शेजारच्या बागेच्या सातबाऱ्यावर 27 नावं आहेत, निम्मी मुंबईला. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत गिऱ्हाईक थकतं. बाग नागपूरहून फोनवर सांभाळता येत नाही, हे मी भावाच्या हाताकडे बघून सांगते.

त्रिमूर्तीनगरच्या बाई:

सगळं दोनदा वाचलं. काल सातबारा मागितला तर "रजिस्ट्रीच्या दिवशी देऊ" म्हणाले. टोकन देत नाही. पैसे बँकेतच राहू देते. पण झाडाचं मनातून जात नाही. घरामागे 12 बाय 15 फूट मोकळी जागा आहे. तिथे एखादं लागेल?

काटोलचा संत्रेवाला:

लागेल ताई, एकच लावा. हापूस नको. केसर लावला तर छाटून आटोक्यात राहील. रामटेकचीच चव पाहिजे असेल तर तिकडच्या जुन्या गावरानी झाडाची काडी आणून पाचर कलम बांधावं लागेल, कारण कोयीपासून आईसारखं फळ येईलच असं नाही आणि वाटही फार वर्षं बघावी लागते. कोणत्या झाडाची काडी घ्यायची ते तुम्ही ठरवा, बांधून मी देतो. माझ्याकडे कोयीची रोपं तयार आहेत.

रामटेकला गेलात की पेन्सिलीएवढी जाड, डोळा फुगलेली काडी आणायची. आधी आठ-दहा दिवस झाडावरच तिची पानं कापून ठेवायला सांगा, देठ राहू द्या. ओल्या फडक्यात गुंडाळा आणि तोडली त्याच दिवशी घेऊन या. माझ्या वावराची पांदण चिखलाची आहे, गाडी शाळेजवळच ठेवा, मी घ्यायला येतो.